नळ, आड आणि बोअर: बेळगाव भागातल्या पाण्यावर झाडांचा फिशटँक कसा सांभाळायचा

आमच्या शहापुरातल्या घरात तीन पाणी आहेत. नळाला येतं ते महापालिकेचं, परसात आजोबांच्या वेळचा आड, आणि गल्लीच्या तोंडाला सामायिक बोअर. आईला या तिघांचं रसायनशास्त्र एक अक्षर न शिकता पाठ आहे. तूरडाळ नळाच्या पाण्यात तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. बोअरच्या पाण्यात पाच शिट्ट्या काढल्या तरी दाणा दाण्याला ओळखत नाही. म्हणून बोअरचं पाणी धुण्याभांड्याला, आडाचं झाडांना, नळाचं चुलीवर.

मी फिशटँक मांडला तेव्हा हे सगळं डोळ्यांपुढे होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. एका एप्रिलात नळ लांबला, आडाचं पाणी तळाला गेलं, गल्लीत टँकर आला. त्याच पाण्याने मी टँकमधलं निम्मं पाणी बदललं. वर आदल्याच दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुतला होता. सकाळी उठून पाहतो तर १४ निऑन टेट्रांपैकी ११ तळाला. किटने तपासलं तर अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम), पीएच ८. आदल्या दिवशीपर्यंत हाच पीएच ७ होता. या दोन आकड्यांमधला फरक एवढाच वाटतो, पण मासे मेले ते त्या फरकाने. कसे, ते पुढे येईलच.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. पीएचच्या मागे धावायचं नाही. आधी केएच बघायचा.

पाणी ओळखायचं कसं

झाडांच्या टँकला तीन मोजमापं सुरुवातीलाच लागतात. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. डाळ शिजू देत नाही, साबणाला फेस येऊ देत नाही, ते हे. केएच म्हणजे बायकार्बोनेट. आम्ल पडलं तर ते पचवून पाण्याचा पीएच जागेवर धरण्याची ताकद. आणि पीएच म्हणजे आत्ता या क्षणी पाणी आम्लाच्या की अल्कलीच्या बाजूला आहे, त्याचा काटा. जीएच आणि केएच पाण्याचा स्वभाव सांगतात. पीएच त्या वेळचा मूड सांगतो, आणि मूड दिवसातून दोनदा बदलतो.

टीडीएसचं पेन स्वस्त मिळतं म्हणून सगळे तेच आधी घेतात. ते पाण्यात एकूण किती विरघळलंय एवढंच सांगतं, काय विरघळलंय ते नाही. ४०० आकडा दिसला तर तो चुन्याचा की मिठाचा, हे पेनला कळत नाही. ते घ्या जरूर, पण थेंबांचं किट घेतल्यावर.

थेंबांच्या किटची रीत सोपी. नळीत ५ मिली पाणी घ्या, एकेक थेंब टाकून हलवत राहा. केएचच्या नळीत निळा रंग पिवळा होतो, जीएचच्या नळीत बहुतेक किटांमध्ये तांबूस रंग हिरवा होतो. रंग पालटला तो थेंब कितवा, तेवढे अंश. तुमचं पाणी हलकं असेल तर १० मिली घ्या, मग प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि अंदाज नेमका येतो. शेतासाठी पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर तोच कागद चालतो. त्यात एकूण कठीणता आणि अल्कलिनिटी मिलिग्रॅममध्ये दिलेली असते, १७.९ ने भागा. कठीणता ३२० असेल तर जीएच साधारण १८ अंश. अल्कलिनिटी २५० असेल तर केएच १४.

आता एक फसगत टाळा. आडाचं किंवा बोअरचं पाणी उपसल्या उपसल्या पीएच मोजू नका. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, त्यामुळे पीएच खोटा खाली दिसतो आणि प्राणवायूही कमी असतो. बादलीत एअर पंपाचा दगड सोडून २४ तास चालू ठेवा, मग मोजा. माझ्या आडाच्या पाण्याचा पीएच एका रात्रीत दीड अंकाने वर गेलेला मी पाहिला आहे. केएच मात्र होता तिथेच. खरा कोण, ते यावरून ठरवा.

आपल्या भागात दर दहा मैलांवर पाणी बदलतं, ते उगाच नाही. राकसकोप धरणाचं पाणी मार्कंडेय नदीचं, पश्चिमेच्या पावसाळी डोंगरउतारावरून आलेलं. खानापूर, कणकुंबीकडे जांभा दगड आणि धो धो पाऊस; तिकडचे ओढे आणि आड सहसा हलके. निपाणी, चिकोडी, अथणीकडे जा, काळी माती लागते, खाली चुनखडीचे खडे. तिकडचं बोअर म्हणजे हंड्याला पांढरे डाग ठरलेलेच. कारवारकडे किनाऱ्याजवळच्या विहिरींत उन्हाळ्यात मचूळपणा येतो. तिथे मात्र टीडीएसचं पेन आधी उपयोगी पडतं. आणि बेळगाव शहरात तर राकसकोप आणि हिडकल या दोन्ही धरणांचं पाणी येतं. कधी कुठलं किती, हे आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणून महिन्यातून एकदा नळाचा केएच तपासायचाच.

पावसाळ्यात आणखी एक होतं. नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात तुरटी वाढते, आणि तुरटी केएच खाते. वर पावसाने पाणी आधीच पातळ झालेलं. मे महिन्यात केएच ४ असलेला माझा नळ श्रावणात २ वर येतो.

पाणी बदलायचं की झाडं?

माझा मामेभाऊ अथणीकडच्या खेड्यात राहतो. त्याच्या बोअरचा केएच १४, जीएच १८. पहिलं वर्षभर त्याने ते पाणी हलकं करायच्या नादात घालवलं. दुकानातून पीएच खाली आणायची बाटली आणली. संध्याकाळी टाकली की पीएच साडेसहा, सकाळी पुन्हा आठ. पुन्हा बाटली. मासे दिवसातून दोनदा घाट चढून उतरत होते म्हणा ना. केएच १४ असलेल्या पाण्यात थोडं आम्ल टाकणं म्हणजे पिंपभर ताकात चमचाभर दूध ओतून ते गोड व्हायची वाट बघणं. त्यातून त्या बाटलीत फॉस्फेट असेल तर शेवाळाची चंगळ. देशी बदामाची पानं टाकूनही पाहिली त्याने. पाणी चहासारखं झालं, पीएच हलला नाही.

शेवटी त्याने बोअरच्या पाण्यात खुशाल वाढतील अशी झाडं लावली. वालिसनेरिया आणि हायड्रिला ही तर पाण्यातलं बायकार्बोनेट फोडून कार्बन मिळवणारी झाडं. जावा फर्न, अनुबियास यांनाही फारसं सोयरसुतक नाही. मासे म्हणजे गप्पी, मॉली, प्लॅटी. त्याच्या टँकसमोर माझा टँक आजही फिका दिसतो, हे कबूल करतो.

केएच २ ते ६ आणि जीएच ४ ते ८ असेल तर जवळपास काहीही लावा: रोटाला, क्रिप्टोकोरीन, लुडविगिया, टेट्रा, रासबोरा सोडा. केएच १० च्या वर असेल आणि टेट्राच हवे असतील तर पाणी मिसळावं लागेल. हिशेब शाळेतल्या मिश्रणाच्या गणिताचा आहे. बोअरचा केएच १४, आरओच्या पाण्याचा शून्य धरा, हवा ५. मग बोअरचे ५ तांबे आणि आरओचे ९ तांबे. आरओचं शुद्ध पाणी घ्यायचं. नळीतून वाया जातं त्या पाण्यात तर क्षार गोळा झालेले असतात.

आरओ नसेल तर पावसाचं पाणी आहेच. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, छप्पर धुऊन निघू द्या. खानापुरी कौलांवरचं पाणी उत्तम. सिमेंटच्या स्लॅबवरचं थोडा चुना घेऊन येतं. जस्ताच्या पत्र्यावरचं मी घेत नाही. पण नुसतं पावसाचं पाणी कधीच भरू नका. त्याचा केएच जवळजवळ शून्य असतो. टँकमध्ये रोज तयार होणारं आम्ल धरायला त्यात काहीच नसतं आणि एक दिवस पीएच गडगडतो.

हलकं पाणी थोडं जड करायचं असेल तर ते स्वयंपाकघरात होतं. १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा टाकला की केएच १ अंश वाढतो. जीएचसाठी १०० लिटरला ३ ग्रॅम जिप्सम किंवा साडेचार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, तेवढ्याने १ अंश. मी तीन वाटे जिप्समने आणि एक वाटा मॅग्नेशियमने वाढवतो. जिप्सम पटकन विरघळत नाही, आदल्या रात्री बादलीत टाकून ठेवा. सोड्याचं पॅकेट घेताना बेकिंग पावडर उचलू नका. त्यात आम्ल आणि पीठ असतं.

लिटरचा हिशेब धरताना काचेचं माप धरू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये भूमितीने ५६ लिटर बसतात. माती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की ४५ ते ५० उरतात. पुढचे सगळे आकडे मी ५० लिटरवर दिले आहेत.

आणि एक गोष्ट आमच्याकडे घराघरांत आहे म्हणून सांगतो. हिवाळ्यात टँकसाठी कोमट पाणी हवं म्हणून बंबातलं घेऊ नका. तांब्याचा बंब, तांब्याचा हंडा, यांत रात्रभर राहिलेलं पाणी आपल्याला चांगलं असेल, पण कोळंबी आणि गोगलगायींना तांबं सहन होत नाही. स्टीलच्या पातेल्यात गरम करा.

दगड, वाळू, माती

पाणी जमवून आणलं आणि तळाला चुना घातला तर सगळं पाण्यात. ओढ्यातली वाळू असो की खडी, आधी त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे फुटले तर चुना आहे, ठेवून द्या बाजूला. शहाबादी फरशी फसफसते, संगमरवराचे पांढरे खडे फसफसतात, कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू शिंपल्यांमुळे फसफसते. आपला काळा फत्तर आणि गोकाककडचा वालुकाश्म शांत राहतात. फसफसणारे दगड टाकले की केएच आठवड्या-आठवड्याला चढत जातो आणि माणूस नळाला शिव्या देतो.

मातीसाठी तयार अ‍ॅक्वासॉइल घेतली तर काम सोपं, खर्च जास्त. ती केएच ओढून घेते आणि सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते, एवढं लक्षात ठेवा. मी खानापूरची कुंभाराची माती वापरतो. कौलं, कुंड्या, मडकी ज्या मातीची होतात तीच. लोह भरपूर, पोषणाला धरून ठेवते. पाण्यात भिजवा, वर आलेला काडीकचरा काढा, उन्हात खडखडीत वाळवा. असं चार वेळा. मग दोन सेंटीमीटरचा थर आणि वर चार सेंटीमीटर वाळू. उसाच्या शेतातली माती फुकट मिळते, पण तिच्यात युरिया आणि तणनाशक काय काय मुरलंय ते टँक भरल्यावर कळतं.

टँक पिकू द्या

हा भाग लोक सगळ्यात जास्त गाळतात. शनिवारी टँक, रविवारी मासे, पुढच्या रविवारी दुकानदाराशी भांडण.

माशांच्या विष्ठेतून, सडलेल्या पानांतून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं झाडांचं खत. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूवर वस्ती करून राहतात आणि वस्ती भरायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना मासे नकोत, अमोनिया हवा. ५० लिटरला ०.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की साधारण २ पीपीएम होतं. कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो नवसागर म्हणजे हेच. पण बाजारातल्या खड्यात आणखी काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून छोटी बाटली घ्या. ओळखीच्या कुणाचा जुना टँक असेल तर त्याच्या स्पंजचा पिळा मागून आणा. विरजण मागायला आपण लाजत नाही, तसंच हे. काम निम्म्यावर येतं.

दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. आज टाकलेले २ पीपीएम उद्या याच वेळेला पूर्ण नाहीसे आणि नायट्राइटही शून्य, असं झालं की टँक पिकला. निम्मं पाणी बदला आणि मासे थोडे थोडे सोडा.

इथेही केएच आडवा येतो. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू आम्ल तयार करतात आणि केएच खर्च होतो. श्रावणातल्या केएच २ च्या पाण्यात मांडलेला टँक मध्येच अडतो: अमोनिया उतरत नाही, पीएच मोजला तर ६ च्या खाली. जिवाणू मेलेले नसतात, सुस्त पडलेले असतात. मासे नसलेल्या टँकमध्ये खायचा सोडा टाकून केएच ४ वर आणा, गाडी पुन्हा सुरू होते. पण टँकमध्ये मासे असतील तर थांबा. कारण अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसं न बाधणारं आणि एक विषारी, आणि कुठलं किती हे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना विषारी वाटा शेकडा अर्धा टक्का. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. दहापट. माझे टेट्रा असे गेले. स्पंज क्लोरिनच्या पाण्यात धुऊन जिवाणू मारले, त्यामुळे अमोनिया साठला; तो पीएच ७ ला कसाबसा सोसवत होता, टँकरच्या जड पाण्याने रात्रीत पीएच ८ केला. दोन चुकांपैकी एकच केली असती तर कदाचित निभावलं असतं.

स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा हलकेच पिळून. पांढराशुभ्र करायची हौस नको.

कार्बन डायऑक्साइड

मंद दिवा आणि सोशिक झाडं असतील तर टँकमध्ये हा गॅस वेगळा सोडायची गरज नाही, हा भाग सोडून पुढे जा. लाल पानांची रोटाला हवी असेल तर वाचा.

केएच, पीएच आणि कार्बन डायऑक्साइड या तिघांची सांगड पक्की आहे. ३ गुणिले केएच, गुणिले १० चा (७ वजा पीएच) हा घात, उत्तर पीपीएममध्ये. केएच ४ आणि पीएच ७.६ असेल तर जेमतेम ३. तोच केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर ३०, आणि ३० च्या आसपास झाडं खूश, मासेही निवांत. मामेभावाच्या केएच १४ च्या पाण्यात हेच ३० मिळतात पीएच ७.१५ ला. त्याला साडेसहावर आणायचा अट्टहास केला असता तर मासे गुदमरले असते. एकाच आकड्याचा पीएच सगळ्यांना सांगणारे लोक इथेच चुकतात.

मात्र हे सूत्र फक्त बायकार्बोनेटचं पाणी धरून चालतं. बदामाची पानं, लाकूड किंवा फॉस्फेट असेल तर ते खोटं बोलतं. म्हणून ड्रॉप चेकर लावा: काचेची छोटी वाटी, तिच्यात केएच ४ चं ठरावीक द्रावण आणि पीएचप्रमाणे रंग बदलणारं ब्रोमोथायमॉल ब्लू. निळा म्हणजे कमी, पोपटी हिरवा म्हणजे ३० च्या जवळ, पिवळा म्हणजे जास्त. द्रावण घरी होतं. डिस्टिल्ड पाण्याच्या एका लिटरमध्ये १.२ ग्रॅम सोडा; त्यातले १०० मिली घेऊन डिस्टिल्ड पाण्यानेच पुन्हा लिटर भरा. वाटीत टँकचं पाणी भरलंत तर सगळं मुसळ केरात. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेव्हा वाटीकडे बघून लगेच कॉक फिरवू नका.

गॅस सुरू करायचा तो दिवा लागायच्या तासभर आधी, बंद करायचा तो दिवा मावळायच्या तासभर आधी. सिलिंडर परवडत नसेल तर साखर आणि यीस्टची बाटली चालते. मी गुळावरही करून पाहिली. उसाच्या मुलखात राहून साखर कशाला, असं वाटलं होतं. फेस नळीतून टँकपर्यंत आला, आठवडाभर घराला काकवीचा वास. साखरच बरी. शिवाय बाटली थंडीत मंदावते आणि एप्रिलात उधळते, हे गृहीत धरा. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर आधी गॅस बंद, एअर पंप चालू, निदान नंतर.

खत: कृषी सेवा केंद्रातून

टँकच्या खतांच्या आयात बाटल्यांत जे असतं त्यातलं बरंचसं आपल्याकडे द्राक्षबागायतदार पोत्याने नेतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हाचा संवाद असा:

“अण्णा, तेरा-शून्य-पंचेचाळीस आहे?”

“आहे की. द्राक्षाला की टोमॅटोला?”

“टँकला.”

“शेततळ्याला होय? किती गुंठ्यांचं?”

“दोन फूट बाय एक फूट.”

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं आणि किलोची पिशवी दिली. आठवड्याला पाऊण ग्रॅम लागतं. नातवंडांना पुरेल.

१३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ४० ग्रॅम घेऊन पाण्यात विरघळवा आणि ५०० मिली करा. यातले १० मिली ५० लिटरला जवळपास १० पीपीएम नायट्रेट देतात, पोटॅशही मिळतं. ०-५२-३४ म्हणजे फॉस्फेट. ५ ग्रॅमचं ५०० मिली. १० मिलीला सव्वा ते दीड पीपीएम. तिसरी बाटली लोहाची: चिलेटेड लोह (म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून पाण्यात विरघळतं ठेवलेलं) ५ ग्रॅम, पाणी ५०० मिली, डोस ५ मिली. तिन्ही बाटल्या वेगळ्या ठेवा, फॉस्फेट आणि लोह एकाच दिवशी देऊ नका. एकमेकांना धरून तळाला बसतात. पोटॅशियम नायट्रेट ओल आणि विस्तव दोन्हीपासून लांब असावं.

१९-१९-१९ आणि १२-६१-० मात्र हातात घेऊ नका. पहिल्यात युरिया आणि अमोनियम असतं, दुसरं तर अमोनियमचंच. शेतात वरदान, टँकमध्ये विष.

साध्या टँकला नायट्रेट-फॉस्फेटचा डोस आठवड्यातून एकदा, गॅस असेल तर तीनदा. नायट्रेट १० ते २५ पीपीएमच्या मध्ये ठेवा. मासे भरपूर असतील तर नायट्रेट टाकायचीच गरज पडत नाही, नुसतं पोटॅश लागतं; मोजून ठरवा.

लोहाबद्दल ऊसवाल्यांना वेगळं सांगायला नको. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, कोवळी पानं पांढरी, शिरा तेवढ्या हिरव्या. टँकमध्येही तेच, आणि कारणही तेच: पीएच चढला की लोह झाडाच्या हाती लागत नाही. लोहाला धरून ठेवणारं चिलेट ईडीटीए असेल तर ते पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही. साधारण साडेसातपर्यंत डीटीपीए घ्या. त्यापुढे ईडीडीएचए टिकतं, पण पाणी लालसर करतं. नवी पानं फिकी असतील तर लोह. जुन्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं पडली तर पोटॅश. जुनी पानं एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर नायट्रेट. शेतीची मिश्र सूक्ष्मअन्नद्रव्यं वापरताना त्यात तांबं असतं हे विसरू नका. कोळंबी असेल तर टाळाच.

रविवारचं पाणी

नळाचं पाणी आदल्या दिवशीच पिंपात भरून ठेवा. क्लोरिन २४ तासांत उडतं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला जुने फोटो स्टुडिओवाले हायपो म्हणायचे. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात. २० लिटरच्या बादलीला १ मिली पुरे. मग पिंपातल्या पाण्याचा केएच बघा. टँकपेक्षा दोन अंशांहून जास्त फरक असेल तर एकदम चौथ्या हिश्शाहून जास्त बदलू नका. टँकर आला तर मी आता दिवसाला पाच लिटरच बदलतो, आठवडाभर. टीडीएसचं पेन इथे कामाला येतं: टँक आणि पिंप यांचे आकडे जवळ असले की जीव भांड्यात पडतो.

रोजची वाफ भरून काढताना जड पाणी ओतू नका. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात. रोज तांब्याभर बोअर ओतत गेलात तर महिन्याभरात केएच कुठच्या कुठे. वाफेच्या जागी आरओचं किंवा पावसाचं पाणी.

मोजायची वेळ ठरलेली ठेवा. दिवसभर झाडं कार्बन डायऑक्साइड खातात, पीएच चढतो. रात्री सगळे मिळून तो सोडतात, पीएच उतरतो. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांची तुलना करून घाबरू नका. मी रविवारी सकाळी, दिवा लागण्याआधी मोजतो आणि आईच्या दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो. केएच, पीएच, नायट्रेट, नळ की आड, बस्स.

उन्हाळ्यात प्राणवायूकडे लक्ष द्या. २० अंशाचं पाणी लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशाचं साडेसात, आणि आपण समुद्रापासून साडेसातशे मीटर वर असल्याने त्यातूनही थोडा कमी. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे वर येतात ते पहाटे. जुलैतल्या वादळी पावसात दिवे गेले की फिल्टर बंद पडतो. दोन-तीन तासांहून जास्त वेळ गेला तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप लावा. तोही नसेल तर मी मुलाला टँकपाशी बसवतो आणि वाटीने पाणी उचलून वरून पुन्हा ओतायला सांगतो, दर पंधरा मिनिटांनी वीस वाट्या. वीज आल्यावर, फिल्टर बराच वेळ बंद असेल तर त्यातलं कोंडलेलं पाणी आधी बादलीत काढून टाका आणि मग बटण दाबा.